नळाकडची बाजू

झाडांची डॉक्टर परसातल्या पाईनच्या झाडाखाली उकिडवी बसली, तेव्हा सून मुद्दाम शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कुणीतरी जाणूनबुजून केलंय हे."

डॉक्टरने सुयांसारख्या पानांची एक करपलेली डहाळी खुडली. "आतल्या जुन्या सुया तपकिरी होऊन गळतात, ते दरवर्षीचंच. बुरशी असती तर ठिपके दिसले असते. इथे सुया टोकाकडून करपल्यात, आणि फक्त नळाच्या बाजूच्या."

तिने मुळाजवळची माती उकरून सुनेच्या नाकाशी धरली. ब्लीचचा भपकारा आला.

"नळावर कपडे कोण धुतं?"

"कुणीच नाही. मशीन आहे."

"मग कुणीतरी इथे बादली रिकामी करतंय. घरातलंच."

कुंपणापलीकडे शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. मागच्या आठवड्यात सून त्यांना नाही नाही ते बोलली होती. आता तिला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दबकत मागच्या दाराशी आली. नळाखाली सासरे चादर चोळत होते. तिला पाहताच त्यांनी ती पाठीमागे लपवली. पाणी पायजम्यावरून ओघळत राहिलं.

"वय झालं, पोरी. झोपेत कळत नाही. कुणाला सांगू नकोस."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न होऊन आल्यापासून या माणसाने तिला एका शब्दाने दुखवलं नव्हतं.

"मशीनला लावत जा ना, बाबा. मी काही म्हणणार आहे का?"

पण सासऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचं, तर नवऱ्याला सांगणं भाग होतं. घोरण्याने तिची झोप मोडते म्हणून तो हल्ली बाहेरच्या खोलीत झोपायचा. संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन तिने हलक्या आवाजात सांगितलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला. जेवायला बसल्यावर तो उसळलाच.

"लाज कशी वाटत नाही, बाबा? या वयात घरभर शोभा. थोडे दिवस ताईकडे जाऊन राहा."

"अहो, काय बोलताय?" तिने त्याचा हात धरला. त्याने तो झटकला.

सासऱ्यांनी लेकाकडे एकदाच पाहिलं. मग अर्धं ताट तसंच सारून ते बॅग भरायला उठले. निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "त्याच्यावर रागावू नकोस."

तिचा रात्रभर डोळा लागला नाही. आपण तोंड उघडलं नसतं तर म्हातारा माणूस आपल्या घरात असता, हे काही मनातून जाईना.

पहाटे परसात नळ वाजला. करमलं नसेल, परत आले असतील, असं वाटून ती अनवाणीच धावली. माफी कशी मागायची, ते शब्दही तिच्या ओठांवर होते.

नळाखाली नवरा उकिडवा बसून चादर चोळत होता.