चोरखिसा

हेरपटांच्या मालिकेतला हा सातवा भाग. यात हेर बाई असणार, हे कळताच मी कात्री गुंडाळून ठेवली. आजवर तीन हिरो बदलले, पण कोट माझेच. प्रत्येक कोटाला आतून चोरखिसा. शेवटच्या मारामारीत हिरोला तारणारी वस्तू त्यातूनच निघायची. आता म्हणे कोटच नको!

मापाला आलेली नवी नायिका म्हणाली, "मास्तर, जॅकेट कसंही शिवा. चोरखिसा मात्र डावीकडेच हवा."

माझी टेप हातातच राहिली.

"आणि त्यात वेलदोडा टाकायला विसरू नका. तिन्ही हिरोंनी फोन करून बजावलंय."

पहिल्या शॉटला घशाला कोरड पडू नये, म्हणून वीस वर्षं मी गुपचूप त्या खिशात एक वेलदोडा टाकत आलो होतो. आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता.