पब म्हणजे लोकांचं घर

शाल खांद्यावर पडली आणि महेंद्र सरांना घाम फुटला. आटपाडीतल्या ‘गावघर’ पबला वर्ष झालं म्हणून मालक राजवर्धन त्यांचा सत्कार करत होता. तोही भर सकाळी, गल्ल्याशेजारी खुर्ची मांडून. टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात पुढं त्यांचे दाजी होते, धाकट्या बहिणीचा नवरा. डोळे आतापासूनच तांबारलेले.

समोरच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलं होतं : ‘पब म्हणजे पब्लिक हाऊस. इंग्लंडात पूर्वी घरी बियर करणारी माणसं आपली बैठकीची खोली लोकांना उघडी ठेवत, दारावर हिरवी फांदी टांगत. असं हे सगळ्यांचं घर.’ खाली सरांचं नाव, एम. ए. सकट.

सांगितलं होतं त्यांनीच. राजवर्धननं नुसतं विचारलं होतं, “सर, पब म्हंजे नक्की काय वो?” हायस्कुलात शब्दाचं मूळ विचारायला कुणी येत नाही, सर मनसोक्त खुलले होते. विद्वत्ता अशी उतू जायला लागली, की खाली कुणाला चटका बसतोय हे बघायची शुद्ध राहत नाही.

हार घालायला राजवर्धन पुढं झाला, तेवढ्यात नीलिमा आत आली. काखेत नवऱ्याची वाकळ. बायकोला बघून दाजींच्या टाळ्या थांबल्या. तिनं वाकळ भिंतीखाली टाकली.

“घर हाय न्हवं हे? मग ह्यांच्या निजायची सोय बी हितंच करा.”

राजवर्धननं हार गल्ल्यावर ठेवला.

सर घाईनं उठले. “नीलू, घरी चल. मी समजावतो दाजींना.”

“आता काय समजावतोस, दादा? रोज पिऊन आलं की भिंतीवरचं हेच म्हणून दाखवत्यात मला. काय बोलाय गेलं की म्हणत्यात, तुझ्या शिकलेल्या भावानंच सांगितलंय, त्येला जाऊन इचार.”

दाजींनी मान खाली घातली. सरांना ती घालायचीही सोय उरली नव्हती. खाली बघावं तर वाकळ, वर बघावं तर भिंतीवर त्यांचंच नाव. त्यांनी शाल उतरवली.

“रविवारी दारूबंदीसाठी बायकांचं मतदान हाय,” नीलिमा म्हणाली. “आडव्या बाटलीवर शिक्कं जास्त पडलं की ह्येला कुलूप.”

सरांना एकदम धीर आला. काहीतरी करता येण्यासारखं होतं तर!

“मी येतो तुझ्याबरोबर. दारोदार फिरू. एकेकीला नीट समजावून सांगतो.”

नीलिमानं भावाकडं बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्यांना जास्त लागलं.

“नगं, दादा. तू घरीच ऱ्हा. तू बोलाय लागलास की लोकांना गुत्ताबी घर वाटतो.”