दोन पेट्यांमधलं कुलूप

गोटीरामने वायरीला पक्कड लावली आणि निशिगंधाला बजावलं, की पाच मिनिटांत आईचा आवाज आला नाही तर ही पेटी गच्चीवरून खाली जाईल. खाली मांडवात त्याची लेक नमिता अडून बसली होती. आजीचा धवला लागल्याशिवाय ती हळदीला बसणार नव्हती. ही आजी, गोटीरामची आई गोजराबाई, म्हणजे लग्नात धवले गाणारी, घणसोली गावातली नावाजलेली धवलारीण. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि लग्नातली ती गाणी तिच्या आवाजात एकदाच रेकॉर्ड झाली होती.

निशिगंधा कॉलेजातली संशोधक. उद्याचं इंटरनेट कसं असावं, याची चाचणी तिने गावातल्या बारा गच्च्यांवर एकेक पेटी बसवून मांडली होती. दूरच्या सर्व्हरकडे जायचंच नाही. हवी ती गोष्ट नावाने मागायची, आसपासच्या ज्या पेटीत असेल तिने ती द्यायची. गोटीरामने हौसेने आईचा धवला पेटीत ठेवला. आठवड्याने त्याला कळलं, की शेजारी सख्ख्या भावाने, भगवाननेही पेटी लावलीय. सामाईक भिंतीवरून दोघांचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. गोटीरामने थयथयाट करून दोन पेट्यांमध्ये कुलूप घालून घेतलं. इकडचं तिकडे जायचं नाही, तिकडचं इकडे यायचं नाही. मग तो निर्धास्त झाला. ज्यात मूळ रेकॉर्डिंग होतं तो जुना फोनही त्याने भंगारात देऊन टाकला.

निशिगंधाने लॅपटॉपवरून मान वर केली. तिचाही चेहरा उतरला होता.

"काका, मी तेव्हाच सांगितलं होतं, ही तिजोरी नाही. जे कोणी मागत नाही ते पेटी टाकून देते. तुम्ही वर्षभरात धवला एकदाही मागितला नाहीत."

"मंग गेला?"

"बारांतल्या एका पेटीत आहे. कुलपाच्या आधीच तिथे पोचला होता. तिथे तो रोज सकाळी मागितला जातो, म्हणून टिकला."

ती भिंतीपलीकडे बघत होती. गोटीरामच्या तोंडात शिवी आली. आईच्या दहाव्यालाही त्याने भगवानला दारात उभं केलं नव्हतं. आणि हा रोज सकाळी तिला ऐकतोय. खालून नमिताची हाक आली. गोटीरामने पक्कड खिशात घातली. भिंतीकडे पाठ केली.

"कुलूप काढ," तो म्हणाला. "पन मी मागला, ह्या त्याला कलू देव नको."