कोल्हापूरपर्यंत

दिपालीचा नवरा सोमवारी हिंडलग्याच्या जेलातून जामिनावर सुटणार होता. तो आत गेल्यापासून आठ महिने त्याची मोटरसायकल घराच्या सोप्यातच उभी होती, म्हणून ती बॅटरीचा चार्जर घ्यायला दुकानात आली.

"वैनी, ह्यो हळू चार्ज करणारा घ्या. येळ लागंल, पण बॅटरी लई वर्सं टिकंल," दुकानदार भीमाप्पा म्हणाला.

"टिकाय नगं. उद्या सकाळी गाडीनं मला न् पोरीला कोल्हापूरला पोचवलं म्हंजे झालं. लवकर चार्ज करणारा द्या."

"अंबाबाईला व्हय? त्यो सुटतोय म्हणून नवस फेडाय?"

"व्हय," ती खाली बघत म्हणाली. मानेवरचा, नवऱ्यानं दिलेल्या चटक्याचा व्रण तिनं पदराखाली झाकला, चार्जर पिशवीत टाकला आणि भराभर निघून गेली.

नवऱ्यावरची तिची माया बघून भीमाप्पाला भरून आलं. त्यानं लगेच तिच्या दिराला फोन लावला.



"परशराम, वैनी उद्या सकाळी पोरीला घेऊन गाडीवरनं कोल्हापूरला निघाल्यात रं. बाईमाणसाला एकटं सोडू नगंस, तू बी संगट जा."