सतरा नंबरची लाळ

हिरड्यांचा आजार लवकर कळावा म्हणून आम्ही प्रयोगशाळेत लाळेतली प्रथिनं मोजत होतो. शरीर आजाराशी झुंजू लागलं की ती वाढतात. निरोगी गटात ती कमीच निघाली; फक्त सतरा नंबरचा आकडा आभाळाला भिडला. "तुझंच मोजताना चुकलं असणार," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. मी तीनदा मोजलं, आकडा हलेना. "मग चाचणीच खोटी. चार वर्षं पाण्यात गेली." त्यांनी कपाळाला हात लावला. कोणत्या नंबरमागे कोण, ते लिहिलेलं बंद पाकीट मी फोडलं. सतरा नंबर मॅडमच होत्या. निरोगी माणसं कमी पडली, तेव्हा हिरड्या न तपासताच त्यांनी स्वतःची लाळ दिली होती. "माझा एकही दात किडलेला नाही," त्या चिडल्या. दातांच्या डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवून हिरडीवर कापूस दाबला. तो लाल झाला. "म्हणजे चाचणी खरी, मीच आजारी," मॅडम माझ्याकडे बघून हसल्या, "तो कापूस टाकू नकोस."