पडद्याआडची पंगत

“सोमवारी हाटेलात जेवूक जावचां? आणि तां पण मद्राशाकडे?” दाजीने विडी ओठांपासून दूर धरली. “गुणाजी, तुका वारो लागलो काय रे?”

रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे पावसाळ्यासाठी आवरून ठेवायचे, त्या दिवशी ते ओढणाऱ्या सगळ्यांनी एकत्र जेवायचे, हा रापणकरांचा रिवाज. यंदा तो दिवस सोमवारी आला होता. सोमवारी मासळी नाही, सागोती नाही. मग जेवायचे काय, यावर मालवणच्या किनाऱ्यावर सकाळपासून खल चालला होता.

“दोन हाटेलां आसत,” गुणाजी म्हणाला. “बंदरावरचां नको. मोटारस्टँडाकडचां बरां.”

“दोनूय एकच. ती गोड आमटी आणि तो आंबट पोळो.”

“एक नाय. माका म्हायत आसा.”

ते कसे माहीत, हे मात्र गुणाजीने सांगितले नाही. मागच्या आठवड्यात तो दोन्हीकडे जाऊन आला होता, आणि चव बघायला गेला नव्हता. त्याचा मुलगा लवू कौले वाहणाऱ्या गलबतावर होता. मंगळूरकडून त्याने बायको आणली, पद्मावती, आणि तिला बापाच्या घरी ठेवून तो पुन्हा समुद्रावर गेला. सून कामाला वाघ होती; रापण ओढायलाही जायची. पण मान हलवून हो-नाही सांगण्यापलीकडे तिचा शब्द घरात उमटत नसे. बोलायची ती फक्त मांजराशी. भात संपवून ते मिशा पुसू लागले की वाकून विचारायची, “वणस आंडा?”

तेवढे दोन शब्द गुणाजीने पाठ केले होते. बंदरावरच्या हॉटेलात त्याने ते उच्चारले, तेव्हा मालकाला ते कळलेच नाहीत. मोटारस्टँडाकडे मात्र आतला मंगळूरकडचा आचारी पिठाचे हात घेऊन बाहेर धावत आला. “आंड, आंड!” तो म्हणाला, आणि मग मोडक्या मराठीत, “जेवलो, जेवलो! तुम्हाला हे कोणी शिकवले?”

सुनेसाठी पंचवीस माणसांची पंगत फिरवतो आहे, हे चारचौघांत कसे सांगावे? गुणाजी म्हणाला, “थंय बायकांक पडद्याआड बसूक जागा आसा.”

“बायका कित्याक होयत?” रापणीचा प्रमुख धोंडू म्हणाला.

“जाळां ओढूक होयत, आणि जेवूक नको?” गुणाजीने विचारले.

वाळूत टोपल्या धूत बसलेल्या राधाबाईने मान वर न करता म्हटले, “धोंडू, तू घराक रव. तुझां पान माका वाढतले.”

हसण्याचा एकच गलका उठला, आणि तिथेच ठरले.

सोमवारी दिवेलागणीला केळीची पाने मांडली गेली. गुणाजीने आमटीभाताचा पहिला घास घेतला आणि तो तोंडातच घोळवत राहिला. गूळ, हिंग, शेवग्याची शेंग; कोकमाचा मागमूस नाही. घास उतरेना. तो भात या बाजूचा त्या बाजूला करत, कान पडद्याकडे देऊन बसला.

आचारी वाढायला पडद्यापाशी गेला आणि काहीतरी बोलला. आतून एक शब्द आला, अगदी हळू. तो पुन्हा बोलला. मग दोन शब्द आले, मग चार. आणि मग बांध फुटावा तसा एक उंच, भरभर आवाज वाहू लागला. आचारी हसत काहीतरी कबूल करत होता, आणि तो आवाज त्याला फैलावर घेत होता.

बाहेर पंगतीचे हात थांबले.

“कोण रे ती?” दाजीने विचारले. “भांडता काय त्याच्याशी?”

“माझी सून,” गुणाजी म्हणाला.

“तिका बोलूक येता?”

गुणाजीने नुसती मान डोलावली. त्याच्या पानावरचा भात तसाच राहिला.

घरी येताना पद्मावती चार पावले मागून चालत होती. अंगणात मांजर आडवे आले, पण ती त्याच्याशी बोलली नाही. कंदिलाची वात वर करून ती सासऱ्यासमोर उभी राहिली. पडद्याच्या फटीतून तिने काय काय पाहिले होते, कोण जाणे.

“वणस आंडा?” तिने विचारले.

 गुणाजीला आचाऱ्याचा शब्द आठवला.

“आंड,” तो म्हणाला. “आंड.”

पद्मावतीने त्याच्याकडे एकवार नीट पाहिले आणि ती चूल पेटवायला बसली.