इचोड्याच्या सडकेवर दोन पट्ट्या

"दिवा घालव," उद्धवराव म्हणाले.

सुनयनानं खोलीतला दिवा बंद केला. खाटेवर दोन वस्तू ठेवल्या होत्या. बाबांनी इचोड्याच्या बाजारातून आणलेला मनगटी पट्टा हिरवागार चमकायला लागला. तिनं उटनूरहून आणलेलं बिनबाह्यांचं जॅकेट मात्र अंधारात पार गुडूप झालं.

"पाह्यलं? तुहं जॅकेट झोपून राह्यलं," उद्धवराव खुशीत म्हणाले.

सुनयना उटनूरच्या शाळेत शिक्षिका होती. वर्गातल्या पोरांपेक्षा बापाला शिकवणं अवघड, हे तिला दर शनिवारी घरी आल्यावर नव्यानं कळायचं. तिनं मोबाइलची बॅटरी जॅकेटवर मारली. त्याच्या पाठीवरच्या दोन पट्ट्या डोळे दिपतील अशा लखलखल्या.

"बाबा, याले सोताचा उजेड नाही. गाडीचा दिवा पडला का तो उजेड हे गाडीवाल्याकडंच परत धाडते. तुमचा पट्टा दिवसा ऊन पिते अन् अंधारात घडीभर चमकते. मंग विझत जाते. गाडीच्या दिव्यापुढं तं तो दिसतच नाही."

"काऊन नाही? आता दिसून राह्यला न!"

"खोलीत दिसते. सडकेवर नाही."

शेतातून घरी यायला मैलभर इचोड्याची सडक तुडवावी लागे. दिवाळीनंतर अंधार लवकर पडतो आणि कापसाच्या लॉऱ्या धडधडत जातात. गेल्या महिन्यात एक लॉरी उद्धवरावांना चाटून गेली. कोपर सोलून निघालं, पण घरी आल्यावर ते मोती बैलाच्याच अंगावरून हात फिरवत बसले. काळाभोर बैल, लोकांना दिसणार कसा, हे त्यांचं पालुपद. तेव्हापासून ते मोतीला सडकेच्या कडेनं, आतल्या अंगानं चालवत आणि स्वतः गाड्यांच्या बाजूनं चालत.

उद्धवरावांनी जॅकेट उलटंसुलटं करून पाहिलं. पुन्हा बॅटरी मारायला लावली. मग परसात लांब उभं राहून तिसऱ्यांदा.

"लय दुरून दिसते वो हे," ते हळू आवाजात म्हणाले. "कामाचं हाय."

"रोज नेसान न? माही शपथ?"

"तुही शपथ. रोज नेईन."

पुढच्या शनिवारी सुनयनाला शाळेतून निघायला उशीर झाला. इचोड्यापर्यंत येतानाच काळोख पडला. तिनं ढाब्यापाशी स्कूटी थांबवून घरी फोन लावला.

"आई, बाबा आले?"

"नाही अजून," मालनबाई म्हणाल्या. "मोतीले घेऊन निंगाले असतीन."

"जॅकेट नेलं?"

"नेलं न. रोज नेतेत. कोनाले हात लावू देत नाहीत त्याले."

तिला बरं वाटलं. ती निघाली. समोरून लॉरी आली की डोळ्यांपुढे नुसतं पांढरं व्हायचं आणि ती गेली की काळंकुट्ट. झुडूप दिसलं तरी माणूस वाटायचं, आणि मैलाचा दगड दिसला की बोटं ब्रेकवर आवळायची. एवढ्या काळोखात बाबा चालत असतील, या विचारानं ती सडकेच्या कडेवरच नजर ठेवून होती.

गावाच्या वळणाअलीकडे, बऱ्याच लांबवर, दोन पट्ट्या लखलखल्या.

सडकेच्या कडेकडेनं, डुलत डुलत त्या पुढे चालल्या होत्या. गुडघ्यामुळे बाबा असेच डुलत चालत. बापानं ऐकलं! सुनयनाला एकदम रडू फुटलं आणि हसूही आलं. ब्रेकवरची बोटं आपोआप सुटली.

तेवढ्यात समोरून लॉरी आली. तिच्या दिव्यांत सगळी सडक दिसेनाशी झाली, पण पट्ट्या जागच्या जागी स्पष्ट होत्या. बाबांना धक्का लागू नये म्हणून तिनं स्कूटी चांगली दोन हात उजवीकडे घेतली आणि वेग तसाच ठेवून आनंदानं हाक मारली.

"बाबा!"

पट्ट्यांखाली चार काळे पाय होते. "ओ" आली ती तिच्या चाकासमोरून.